नानांसमोरचा ग्लास

नानांनी ग्लास उचलला आणि दिव्याकडे धरला. विहिरीचा गाळ काढून नवा झरा मोकळा झाला की ते काचेच्या पेल्यात पाणी घेऊन असेच उन्हाकडे धरायचे. गढूळ आहे का, बारीक रेती खाली बसते का, ते बघायचे. इथे ऊन नव्हतं. मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोन, रात्रीचे साडेदहा, आणि डोक्यावर पिवळे दिवे. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, अंगात भावाने आधीच पाठवून ठेवलेलं जाड जाकीट. आणि हातात माझ्या वाइनचा ग्लास.

"द्राक्षं कुठली?" त्यांनी विचारलं.

"नाशिककडची."

"मंग रंग काबरं नाही?"

मी सांगितलं की ही हिरव्या द्राक्षांची आहे. शिवाय रंग सालीत असतो, रसात नसतो. काळ्या द्राक्षाचा गरही आतून बहुतेक वेळा फिकाच असतो. लाल वाइन करायची तर रस सालीसकट आंबवत ठेवतात. नानांनी मान हलवली, ग्लास जपून खाली ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. मग बोटं जाकिटाला पुसली.

गेली दहा-बारा वर्षं कामानिमित्त मी पुण्याहून, मुंबईहून सतत उडते आहे. सामान देऊन झालं, तपासणी झाली, की गेट उघडेपर्यंत तास-दीड तास हातात उरतो. तो वेळ मी बारमध्ये काढते. एक ग्लास पांढरी वाइन, दोन छोट्या बश्या खाणं, एक कोपरा. एकटी. देशांतर्गत विमानात दारू देतच नाहीत, त्यामुळे जे काही असेल ते जमिनीवरच. पण खरं कारण ते नाही. त्या एका तासात मी कोणाची कोणी नसते. ऑफिस मागे राहिलेलं असतं, पोचायचं ठिकाण अजून लांब असतं, आणि फोन आला तरी "विमानतळावर आहे" एवढं सांगितलं की समोरचा माणूस आपण होऊन ठेवून देतो. माझ्या वयाच्या, माझ्या गावाकडच्या बाईला असा तास दुसरीकडे कुठे मिळत नाही. मला तो प्रिय आहे.

या वेळी सोबत नाना होते. त्र्याहत्तर वर्षांचे, रावेर तालुक्यातले केळीवाले, पहिल्यांदा देशाबाहेर निघालेले. भाऊ फ्रँकफर्टला असतो. आई गेल्यापासून तो मागे लागला होता की नानांनी दोन महिने तरी यावं. मृगबागेची लावण झाली, ठिबक तपासून झालं, शेजारच्याला तीनतीनदा बजावून झालं, तेव्हा कुठे ते तयार झाले. भुसावळहून रात्रीची गाडी, दिवसभर डोंबिवलीत मामेबहिणीकडे, आणि संध्याकाळी इथे. गेटजवळ बसायला जागा नव्हती. त्यांचे गुडघे दुखत होते. बारमध्ये पाठीच्या चांगल्या खुर्च्या दिसल्या आणि मी तिथेच थांबले.

"नाना," मी म्हटलं, "मी नेहमी इथे एक ग्लास वाइन घेते. तुम्हाला चालणार नसेल तर आपण पलीकडे कॉफी घेऊ."

लपवता आलं असतं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, आणि लपवायचं कसं हे आमच्या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण दोन महिने एका घरात राहायचं होतं, भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर बाटली असते, आणि त्याने "नानांसमोर काय करू?" असं दोनदा फोनवर विचारलं होतं. कोणीतरी एकदा तोंडाने विचारायला हवं होतं.

नाना बराच वेळ काचेतून बाहेरच्या विमानांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू घे. माले लिंबूसोडा सांग."

हे इतकं सोपं का नव्हतं ते सांगते.

आमच्या घरात दारू म्हणजे धाकटे काका. नानांच्या पाठचे. मी आठवीत होते तेव्हा ते गेले, चाळिशीच्या आतच. त्यांच्या हातात मी कधी बाटली पाहिली नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली हातभट्टीची दारू मिळायची, तिला गावात फुगा म्हणत. नदीकडच्या वाटेवर ते फुगे पडलेले असत आणि आम्ही पोरं ते पायाने उडवत शाळेत जायचो. काका माणूस गोड होता. घडाचा अंदाज त्यांच्यासारखा कोणाला नव्हता. झाडाखाली उभं राहून "अठरा किलो" म्हणाले तर काट्यावर साडेसतरा ते साडेअठराच्या मध्ये यायचं. रात्री ते परतले नाहीत की नाना बॅटरी घेऊन निघायचे. कधी पाटचारीच्या काठी, कधी पारावर, कधी स्टेशनच्या बाकड्यावर ते सापडायचे. नाना त्यांना पाठीवर घेऊन यायचे. आई न बोलता अंगणात पाणी तापवायची. काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी नानांनी माळ घातली. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊ लागले, आणि गुडघे साथ देत होते तोवर गेले.

पुढे आईने आडव्या बाटलीसाठी घरोघरी फिरायला सुरुवात केली. गावातल्या बायका मतदान करतात, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही तिचं मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडल्यासारखंच. आमच्या गावात आलेल्यांपैकी बहुतेकींनी आडवीलाच मत दिलं होतं. तरी हरलो. माहेरी गेलेल्या, मजुरीला गेलेल्या, नवऱ्याने घराबाहेर पडू न दिलेल्या बायकांच्या आकड्याने हरलो. त्या संध्याकाळी आई ओट्यावर बसून मेथी निवडत होती आणि निवडलेली भाजी पुन्हा कचऱ्यात टाकत होती.

त्यामुळे 2022 च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा आमच्या घरात फोनवर भांडण झालं. द्राक्ष उत्पादकांचं भलं होईल असं सरकार म्हणत होतं. मी म्हटलं, खरं आहे. मी वाइनरी पाहिल्या आहेत, तिथल्या बागा पाहिल्या आहेत. नाना म्हणाले, दारू ती दारू, तिला द्राक्षाचं नाव दिलं म्हणून ती औषध होत नाही. "शेतकऱ्याचं भलं करायचं तर भावात करा, बाटलीत काबरं?" मी तावातावाने काहीतरी बोलले. आठ दिवस आम्ही बोललो नाही. पुढे विरोध वाढला, हरकती मागवल्या गेल्या आणि ते प्रकरण लांबणीवर पडलं. आम्ही दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

आता तोच विषय टेबलावर होता, गार, ग्लासाच्या काचेवर बाहेरून थेंब जमलेला.

खाणं आलं. मीठ लावून भाजलेले बदाम, हिरवे ऑलिव्ह, आणि कुरकुरीत पावाच्या चकत्यांवर चिरलेला टोमॅटो. या सगळ्याला हल्ली 'स्मॉल प्लेट्स' म्हणतात. आपल्याकडे त्याला सरळ चखणा म्हणतात, आणि मला तो शब्द आवडतो. चाखण्यापुरतं, पोट भरण्याइतकं नाही. पण हा शब्द आमच्या भागात बाईच्या तोंडी येत नाही. तो परमिट रूमचा शब्द. भुसावळ-रावेर एसटीतून जाताना लहानपणी मी रस्त्याकडेच्या पाट्या वाचायचे, 'परमिट रूम आणि बीअर बार', आणि परमिट कसलं ते मला कळायचं नाही. मोठेपणी कळलं की 1949 सालचा तो कायदा मुळात दारूबंदीचा आहे. पिणाऱ्याने परवाना बाळगायचा असतो, म्हणून खोलीचं नाव परमिट रूम. आजही कायदा तोच आहे. त्या खोल्यांच्या काचा कायम काळ्या असत. आत काय चाललंय ते रस्त्याला दिसू नये म्हणून.

इथे काचेपलीकडे विमानं होती आणि अलीकडे जाणारी-येणारी माणसं. कोणीही आम्हाला बघत होतं, म्हणजे कोणीच बघत नव्हतं.

नानांनी एक ऑलिव्ह तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला, बी तळहातावर काढली. "बोरासारखं दिसतं, लागतं लोणच्यासारखं." पावाच्या चकतीवर एक हिरवं पान होतं. ते त्यांनी चिमटीत धरून चुरडलं आणि नाकाशी नेलं. मला वाटलं विचारतील, ही तुळस का? पण ते म्हणाले, "हा तर सब्जा." बरोबर होतं. परदेशी नावाने साडेचारशे रुपयांच्या बशीत बसलेलं ते पान सब्जाचंच होतं, ज्याचं बी उन्हाळ्यात आमच्याकडे सरबतात भिजवतात. त्यांनी पान बाजूला ठेवलं आणि चकती खाल्ली. माळकरी माणूस, सब्जा तुळशीच्याच कुळातला, त्यामुळे ते पान दातांखाली घेतलं नाही.

मग त्यांनी द्राक्षाचं विचारायला सुरुवात केली, आणि माझी भीती हळूहळू मागे पडली.

किती छाटण्या? मी म्हटलं, दोन. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. थंड देशांत वेल हिवाळ्यात आपला झोपतो, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून त्याला दोनदा छाटून एकदाच फळ घ्यायचं. माल जानेवारी ते मार्च या काळात निघतो. ते म्हणाले, तेवढं माहीत आहे, खायच्या द्राक्षाचंही तसंच. वेगळं काय? वेगळं हे की वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बी. फुगवायचा नाही. खायच्या द्राक्षात मणी जितका मोठा तितका भाव, इथे उलट. साखर किती भरली ते मोजून बघतात आणि मग तोडतात. वेलावर जास्त माल लादला तर चव पातळ होते, म्हणून मुद्दाम कमी घ्यायचा.

"मुद्दाम कमी?" नाना थांबले. केळीत अशी सवड नसते. घड भरला पाहिजे, फण्या भरल्या पाहिजेत. निसवण झाल्यापासून, म्हणजे घड बाहेर पडल्यापासून, कापणीपर्यंत एकच चिंता, वजन. आणि वजन भरल्यावर मे-जूनचं एक वादळ यायचं की सगळा बाग आडवा. "मंग कमी मालाला भाव जास्त देतात का?"

मी म्हटलं, बऱ्याचदा वाइनरीबरोबर करार असतो, भाव आधी ठरतो.

"आधी?"

"आधी."

त्यावर ते काही बोलले नाहीत, पण हा शब्द त्यांनी मनात ठेवून दिला हे मला कळलं. आयुष्यभर त्यांनी केळी कापली ती त्या दिवशीच्या भावाने. सावद्याहून दिल्लीला वॅगनी भरून जायच्या त्या दिवसांपासून. सकाळी एक भाव, दुपारी गाडी भरेपर्यंत दुसरा. माल झाडावर थांबत नाही, आणि हे व्यापाऱ्याला नीट माहीत असतं.

मी त्यांना गंगापूर धरणाजवळच्या बागांबद्दल सांगितलं. राजीव सामंतांनी 1997 मध्ये तिथे वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 साली सुला वाइनरी सुरू झाली, तोवर नाशिकच्या शेतकऱ्याला चेनिन ब्लां हे नावही ठाऊक नव्हतं. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं हे द्राक्ष, आता गोदावरीच्या खोऱ्यात रुजलं. माझ्या ग्लासात तेच होतं. नानांना याचं काही नवल वाटलं नाही. बसराई केळी गेली आणि टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आली, ते त्यांनी स्वतःच्या शेतात पाहिलं आहे. वाण येतात, जातात. पाणी आणि माती त्यांना आपलं करून घेतात.

ऑलिव्ह संपत आले तेव्हा नाना खाली वाकले आणि पिशवीतून केळीच्या वेफर्सचं पाकीट काढलं. फैजपूर-सावदा रस्त्यावर कढई लावून बसतात त्यांच्याकडचं, वर रबर लावलेलं. मी म्हटलं, नाना, इथे बाहेरचं चालत नाही. तोवर त्यांनी पाकीट उघडून जवळून जाणाऱ्या वेटरसमोर धरलंही होतं. आधी त्याला, मग आपण. आमच्याकडे असंच असतं. तो मुलगा क्षणभर गोंधळला. मग त्याने एक वेफर घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि दोन मिनिटांनी एक रिकामी वाटी आणून टेबलावर ठेवली. काही बोलला नाही.

त्या वाटीतला पहिला वेफर आणि त्यावर वाइनचा घोट. मी या टेबलांवर इतकी वर्षं काय काय मागवलं आहे, चीज, कसले कसले कबाब, पण असं जुळलेलं मला आठवत नाही. कच्च्या केळीचा कोरडा कुरकुरीतपणा, तेल, मीठ. त्यावर ही गार आंबटसर वाइन आली की तोंड स्वच्छ होतं आणि हात आपोआप पुन्हा वाटीकडे जातो. आमच्या ठेच्याबरोबर मात्र वाइन फार जपून घ्यावी. मद्याने मिरचीची आग वाढते, आणि तुरट लाल वाइन असेल तर विचारूच नका. घ्यायचीच तर थोडी गोड आणि चांगली गार पांढरी. पण केळीचे वेफर्स आणि ही. मी नानांना सांगितलं, तुमची केळी आणि नाशिकची द्राक्षं एकमेकांसाठीच आहेत.

ते हसले नाहीत. वाटीकडे बघत होते.

"भाऊ कधी बसून प्याला नाही," ते म्हणाले. काकांना ते भाऊ म्हणत. तीस-बत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून दारूच्या संदर्भात मी काकांचं नाव ऐकलं नव्हतं. "उभ्यानंच प्यायचा. एका दमात. आन् तळहातावर मीठ."

त्यांनी आपला तळहात उघडून दाखवला. तिथे अजून दोन ऑलिव्हच्या बिया होत्या.

"पोटात अन्न नाही. घरी ताट वाढलेलं, आन् तो तिकडे मीठ चाटून येणार. त्याची लाज वाटायची त्याला. लाजेनंच घरी यायचा नाही लवकर."

मी ग्लास खाली ठेवला. काय बोलावं सुचेना. वाइनमध्ये दारू नाही असं मी त्यांना कधी सांगितलं नाही, आताही सांगणार नव्हते. ती आहे. काकांना जिने नेलं तीच ती, प्रमाण वेगळं एवढंच, आणि ते प्रमाण पाळणं ज्याच्या हातात राहत नाही त्याला द्राक्षाचं नाव वाचवत नाही. एवढं मला आमच्या घराने शिकवलं आहे. 2022 च्या त्या भांडणात हेच मी बोलायला हवं होतं. तेव्हा मी द्राक्षांचे गुण सांगत बसले.

नानांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "नुसतं नको पिऊ, बाई. खात जा."

मी खाल्लं. ते बघत राहिले, लहानपणी ताटातली भाकर संपते का ते बघायचे तसे. मग विचारलं, "आणखी घेणार?" मी नाही म्हटलं. एकच घेते मी, आणि विमानात घेत नाही. का, ते त्यांना सांगितलं. वर केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तसा असतो आणि हवा अतिशय कोरडी. नाक सुकतं, आणि नाक सुकलं की चव अर्धी जाते. गोड आणि खारट तर विशेष कमी लागतं. म्हणून चांगली वाइनही वर आंबट-तुरट लागते. शिवाय पिऊन वर झोपलं की रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो, झोपही धड लागत नाही.

"तापात जाते तशी चव?"

"तशीच काहीशी."

बिल आलं. नानांनी ते हातात घेऊन चष्म्याखालून वाचलं. एका ग्लासाचे साडेआठशे. त्यांचे ओठ हलत होते, आणि ते कसला हिशेब करतात ते मला माहीत होतं, कारण मीही प्रत्येक वेळी तोच करते. त्या महिन्याच्या भावाने अर्ध्या क्विंटलहून जास्त केळी. त्यांनी बिल घडी करून माझ्याकडे दिलं. "यातले द्राक्षवाल्याला किती जात असतील," एवढंच म्हणाले, आणि उठताना पाकिटाला पुन्हा रबर लावलं. वेटरसाठी मूठभर वेफर्स वाटीत तसेच ठेवले.

विमानात त्यांना खिडकी दिली होती. मुंबईचे दिवे संपेपर्यंत ते बाहेर बघत राहिले. जेवणाची गाडी आली, त्यांच्यासाठी शाकाहारी सांगून ठेवलं होतं. मला वाइन विचारली, मी पाणी घेतलं. जेवण झाल्यावर बऱ्याच वेळाने, दिवे मंद झाले होते तेव्हा, शेजारी रबर निघाल्याचा आवाज आला. नानांनी एक वेफर तोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला.

"खरंच गं," ते हळू आवाजात म्हणाले. "मीठ कमी लागतं."

उरलेला अर्धा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.